न बोलणारी सोंगं

ड्रुसिला कीपिंगचं अर्धं आयुष्य माशांतल्या अळ्या शोधण्यात गेलं. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या त्या गावात मासळीचा कारखाना चालू होता तोवर गावातल्या बहुतेक बायका तिथंच कामाला असत. ड्रूचं काम दिव्याच्या टेबलावर. टेबलाला दुधी काच, काचेखाली दिवा. कॉड माशाचा कापलेला तुकडा त्यावर ठेवला की मांस आतून उजळायचं आणि अळी असलीच तर काळ्या धाग्यासारखी उठून दिसायची. चिमट्यानं ती उपसायची, तुकडा पुढं सरकवायचा, दुसरा घ्यायचा. गारठ्यानं बोटं मेलेली असायची, त्यामुळं आपण काही करतोय असं वाटायचंच नाही. हात करायचे, आपण नुसतं बघायचं.

नवी असताना तिला सगळीकडंच अळ्या दिसायला लागल्या. तुकड्यात, काचेवर, घरी ताटातल्या बटाट्यात. शेजारच्या टेबलावर ब्यूला हार्डी असायची. ती म्हणाली, "टक लावून बघू नकोस गं. टक लावलीस की नसलेल्याही दिसतात. डोळे इकडून तिकडं फिरव झपाझप. खोटी असेल ती जाईल, खरी असेल ती जागेवर राहील."

मग कॉडच संपला. सरकारनं मासेमारी थांबवली, कारखान्याचं दार गंजलं, गावातली तरणी माणसं कामासाठी अल्बर्टाला गेली. ड्रूची एकुलती मुलगी ग्लेन्डा त्यांच्याबरोबर गेली. तिथं तेलाच्या खाणीवरच्या कॅम्पात ती स्वयंपाकाला आहे. ड्रू आणि तिचा नवरा विल्फ मागं राहिले. पुढं विल्फचं डोकं भरकटलं. कधीच विकून टाकलेल्या होडीची वाट बघत तो धक्क्यावर आतल्या कपड्यांवर उभा राहायला लागला. शेवटी दोघंही बंदरावरच्या म्हाताऱ्यांच्या घरी राहायला आली. सगळे त्याला नुसतं 'होम' म्हणतात.

ड्रूला पुढच्या भागात खोली मिळाली, विल्फला मागच्या. मधल्या बोळाच्या टोकाला राखाडी दार आहे. त्याला तळहाताएवढी काच आहे, आणि शेजारचे आकडे दाबल्याशिवाय ते उघडत नाही. पुढच्या भागातली माणसं एखाद्याबद्दल 'तो मागं गेला' असं सांगताना ज्या आवाजात सांगतात, त्याच आवाजात मेलेल्या माणसाबद्दल बोलतात. ड्रू रोज मागं जायची, विल्फला भरवायची, त्याची हनुवटी पुसायची. निघाली की तो तिच्या मागोमाग दारापर्यंत यायचा आणि काचेला तोंड लावून उभा राहायचा. ती वळून बघायची नाही. एकदा बघितलं होतं, तेवढं पुरलं.

विल्फ गेल्यावर तिला आयुष्याकडून मागण्यासारखं एकच उरलं: आपण मागं जायचं नाही. तिला त्याची भीती वाटायची असं नव्हे. भिंतीत एक खिळा असावा आणि घरातलं सगळं त्यालाच टांगलेलं असावं, तसं ते होतं.

ड्रूची नजर मधोमधून जायला लागली. होममध्ये वर्षातून दोनदा, वसंतात आणि पानगळीत, डॉक्टर थिसल फेरीबोटीनं दोन पेट्या घेऊन यायचे आणि जेवणघराच्या कोपऱ्यात पडदा लावून सगळ्यांचे डोळे तपासायचे. त्यांनी तिला समजावून सांगितलं होतं. डोळ्याच्या मागच्या पडद्याचा मधला भाग झिजला आहे. यावर थेंब नाहीत, शस्त्रक्रिया नाही, चष्म्यानं फरक पडणार नाही. कडा शाबूत राहतील, पूर्ण काळोख होणार नाही. ड्रू बरं म्हणाली, बाहेर आली, आणि ताटात होतं ते खारवलेलं मांस नि वाटाण्याचं पिठलं खाऊन घेतलं.

मग ती बाजूनं बघायला शिकली. कप बघायचा असेल तर मिठाच्या डबीकडं बघायचं. माणूस बघायचा असेल तर त्याच्या खांद्याकडं. चेहरा तरीही यायचा नाही. पाटीवर अंगठा फिरवल्यासारखा तिथं राखाडी फराटा असायचा. माणसं ती बुटांवरून ओळखायची, चालीवरून, खोकल्यावरून. ब्यूला आता होममध्ये तिच्या समोरच्या खोलीत होती, तिला ती शिव्यांवरून ओळखायची. होममधल्या सगळ्यांचे चष्मे एकाच घमेल्यात धुवायची पद्धत होती. एकदा ड्रूच्या नाकावर ब्यूलाचा चष्मा आला आणि बरेच दिवस राहिला. ड्रूला काही कळलं नाही, कारण कुठलाही चष्मा तिला सारखाच. शेवटी ब्यूलाच ओरडली, की ही बया माझ्याच काचांतून माझ्याच ताटातला केक बघते आणि वर मला म्हणते, तुझा तुकडा मोठा आहे.

सोंगं आली ती मे महिन्यात. दुपारी ड्रू खिडकीशी बसली होती. कपाटाजवळ तिघं उभे राहिले. उंच टोप्या, पायघोळ कपडे, चेहऱ्याच्या जागी काही नाही. ती घाबरली नाही, कारण चेहरे नसलेली माणसं घरात येण्याची त्या किनाऱ्यावर रीतच आहे. नाताळानंतरच्या बारा दिवसांत गावातली माणसं सोंगं घेऊन घरोघर फिरतात. बाप्ये घागरे घालतात, बाया नवऱ्याचे रेनकोट. पाठीला उशी बांधून कुबड करतात, तोंडावर पडद्याची जाळी टाकतात. हात ओळखू येऊ नयेत म्हणून मोजे घालतात, आवाज ओळखू येऊ नये म्हणून श्वास आत ओढत बोलतात. घरच्यांनी ओळखायचं. नाव बरोबर निघालं की सोंगानं जाळी वर करायची, मग केक आणि घोटभर काहीतरी.

मे महिन्यात सोंगं कशी, एवढंच तिला खटकलं. तरी तिनं रीतीप्रमाणं नाव घेतलं. "गर्टी, तूच ना?" जाळी वर झाली नाही. तिनं आणखी नावं घेतली. घेता घेता लक्षात आलं की यातली अर्धी माणसं मेलेली आहेत. कुणी हसलं नाही, कुणी बुटांचं पाणी जमिनीवर आणलं नव्हतं. मग तिनं दिव्याच्या टेबलावर फिरवायची तसे डोळे झपाझप इकडून तिकडं फिरवले. कपाट उरलं.

म्हणजे खोट्या अळ्या. तिला तेवढं पुरेसं होतं. ती कुठून येतात हे तिनं स्वतःला विचारलं नाही. त्यांच्यात विल्फ आहे का, हे मात्र सुरुवातीला बघितलं. चेहरा नसलेल्यांत कोण आहे नि कोण नाही, हे कसं बघणार?

हे कुणाला सांगायचं नाही, हे ती लहानपणीच शिकली होती. तिच्या ट्रायफीना मावशीला खडकांवर माणसं दिसायची. मावशीनं ते सांगितलं. मग एका सकाळी ती आगबोटीतून शहरातल्या वेड्यांच्या इस्पितळात गेली, आणि घरी आली ती फक्त तिची पेटी. ड्रूनं आपले नियम घालून घेतले. सोंगांकडं बघायचं नाही. त्यांच्याशी बोलायचं नाही. ती खुर्चीत बसली असली तर खुशाल तिथंच बसायचं. डॉक्टर थिसल तपासणी संपवताना दर वेळी विचारायचे, आणखी काही? ती म्हणायची, "नाही डॉक्टर." पुढं एका वर्षी पानगळीत वादळांमुळं त्यांची फेरी हुकली, तेव्हा ड्रूला वाटलं, बरं झालं, एक खोटं वाचलं.

मग नाताळ आला. होमची मुख्य नर्स मोना स्किनर याच गावची. म्हाताऱ्यांना जुने दिवस आठवावेत म्हणून तिनं गावातल्या माणसांना सोंगं घेऊन बोलावलं. तिला आणखी एक गोष्ट ठाऊक होती: ग्लेन्डा अल्बर्टाहून न सांगता आली होती, आणि सोंग घेऊन आईसमोर उभी राहणार होती. ग्लेन्डानं विल्फचा पिवळा रेनकोट शोधून काढला, रबरी बूट उलट्या पायांत घातले, तोंडावर ड्रूच्याच जुन्या घरातली जाळी घेतली. जेवणघरात अकॉर्डियन सुरू झालं तेव्हा ड्रू खोलीतच होती. बिनचेहऱ्याची एवढी माणसं एका जागी तिला नको होती. काळ्या केकचा तुकडा आणि चहा घेऊन ती खिडकीशी बसली होती.

ग्लेन्डा दारातून आत आली आणि समोर उभी राहिली. बोलली असती तर आवाज ओळखू आला असता, म्हणून बोलली नाही. कुबड हलवत थोडी नाचली.

ड्रूनं नियम पाळले. कपाकडं बघायचं म्हणून केकच्या तुकड्याकडं बघितलं. चहा घेतला. सोंग गेलं नाही. तिनं डोळे फिरवले, इकडून तिकडं, पुन्हा इकडून तिकडं. सोंग जागेवरच होतं. उलट ते पलंगावर बसलं आणि पलंग करकरला. ड्रूला वाटलं, आता कानही गेले. ओल्या रबराचा वास आला. नाकही गेलं. समोरच्यानं जाळी वर केली. जाळीखाली चेहरा नव्हता, तोच राखाडी फराटा होता.

"आई, मी आहे," सोंग म्हणालं.

ते कधी बोललं नव्हतं. ड्रू हळू आवाजात, अगदी समजुतीनं बोलली. "तू नाहीस. ग्लेन्डा अल्बर्टात आहे. हे बघ, मी तुमच्याबद्दल कुणाला सांगितलेलं नाही. आता जा."

मग गार झालेला चहा तिनं संपवला. बोळातून रबरी बूट पळत गेल्याचा आवाज आला.

संध्याकाळी साध्या कपड्यांत ग्लेन्डा येऊन शेजारी बसली आणि तिनं आईचा हात हातात घेतला. तळहातावर भाजल्याचा जुना वण होता, कॅम्पातल्या कढईचा. ड्रूला सगळं कळलं. दुपारी कोण आलं होतं, आपण काय केलं, खरी अळी जागेवर राहिली होती तरी आपण तिला खोटी ठरवलं. सांगायला एकच वाक्य होतं: मला वाटलं, तूही त्यांतलीच. पण ते म्हटलं असतं तर ग्लेन्डानं विचारलं असतं, कुणातली? ग्लेन्डा बराच वेळ रडत होती. ड्रू तिच्या हातावरचा वण चाचपत राहिली. आपल्याला काय वाटतंय ते ती शोधत होती, आणि कारखान्यातल्या बोटांना लागायचं तेवढंच तिच्या हाती लागत होतं.

ग्लेन्डानं दुपारचं सगळं सांगितल्यावर मोनानं ड्रूच्या डोक्याची चाचणी घेतली. ती काही दुष्ट नव्हती. चाचणीत प्राण्यांची चित्रं होती. ड्रू म्हणाली, काळं काहीतरी आहे. मग घड्याळ काढायला सांगितलं. तिनं गोल काढला आणि सगळे आकडे एका कडेला दाटीनं भरले, कारण तिला तेवढीच कड दिसत होती. चाचणी संपली. मागच्या भागात एक पलंग रिकामा होणार होता. सोंगांचे बारा दिवस संपले की ड्रूला तिकडं हलवायचं ठरलं. ग्लेन्डानं रजा वाढवून घेतली. तिनं आईला सांगितलं, की तिकडं अंगण आहे, माणसं जास्त लक्ष देतात.

ड्रू म्हणाली, "बरं."

ब्यूलाला ते समजल्यावर ती काठी आपटत आली आणि पत्त्यांचा डाव मांडून बसली. ती ड्रूचे पत्ते तिला वाचून दाखवायची, आणि मधल्या मध्ये एखादा बदलायची. दोघींनाही ते ठाऊक होतं. म्हणाली, "आंधळीला फसवायला मजा येते गं. वेडीला फसवण्यात काय आहे?" ड्रूनं पत्ता टाकला. थोड्या वेळानं ब्यूला म्हणाली, "तू वेडी नाहीस. वेड लागलं असतं तर आज तरी जिंकली असतीस."

डॉक्टर थिसलची हुकलेली फेरी नेमकी त्या आठवड्यात आली. मोनाला वाटत होतं, आता ड्रूमावशीचे डोळे तपासून काय उपयोग. ग्लेन्डा म्हणाली, आलेच आहेत तर बघू देत. जेवणघराच्या कोपऱ्यातल्या पडद्यामागं ती आईशेजारी बसली. डॉक्टरांनी थेंब घातले, हनुवटी टेकवायला सांगितली, उजेड डोळ्यांत सोडला. तो उजेड दिव्याच्या टेबलासारखा होता, फक्त आता तुकड्याच्या जागी ती होती. मधल्या भागात आता काहीच उरलं नाही, डॉक्टर म्हणाले. मग नेहमीचा प्रश्न आला. आणखी काही?

ड्रूनं विचार केला. 'नाही' म्हटलं तरी मागं जायचं होतं, 'हो' म्हटलं तरी मागंच. दोन्ही वाटा त्या राखाडी दाराशीच पोचत होत्या. लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि न लपवायलाही काही कारण उरलं नव्हतं.

"माणसं दिसतात," ती म्हणाली.

शेजारी ग्लेन्डाची खुर्ची हलली. डॉक्टरांनी यंत्रावरून डोकं वर केलं नाही.

"टोप्या घालतात का?" त्यांनी विचारलं.

"घालतात," ड्रू म्हणाली. "उंच."

"बोलतात?"

"नाही."

"चेहरे?"

"नसतात. डोळे फिरवले की जातात."

"हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"ब्यूलानं," ड्रू म्हणाली. "अळ्यांसाठी."

डॉक्टरांनी दिवा बंद केला. टोप्यांबद्दल किनाऱ्यावरच्या दुसऱ्या गावांतही त्यांनी ऐकलं होतं, तिथंही सगळे खूप उशिरा सांगतात. साध्या आवाजात, हवापाण्याबद्दल बोलावं तसं, त्यांनी समजावलं. "मावशी, तुमचं डोकं ठिकाणावर आहे. डोळ्याच्या मधोमध भोक पडलंय. मेंदूला रिकामी जागा सोसत नाही, तो तिथं आपली चित्रं भरतो. तुमच्यासारखी नजर गेलेल्या पुष्कळ माणसांना ती दिसतात. वेडाशी त्याचा संबंध नाही." मग त्यांनी मोनाला बोलावलं आणि विचारलं, चाचणीत चित्रं होती का? मोना हो म्हणाली. ते म्हणाले, मग ती तुम्ही डोळ्यांची घेतलीत. पुन्हा घ्या, नुसती तोंडी.

पडदा ओढून ते पुढच्या माणसाकडं गेले. दोघी तिथंच बसून राहिल्या.

"म्हणजे मला तू..." ग्लेन्डा म्हणाली.

"त्यांतलीच समजले."

"पण मी बोलले होते ना आई. जाळी काढली होती."

"तोंड दिसत नाही गं मला. कुणाचंच. बोललीस म्हणून तर जास्त वाटलं, की आता संपलंच सगळं."

"मला फोनवर का नाही सांगितलंस कधी?"

ड्रूला ट्रायफीना मावशीची पेटी आठवली. ती म्हणाली, "तू स्वयंपाकात असायचीस."

तोंडी चाचणीत तिनं शब्द लक्षात ठेवले, उलटे आकडे म्हटले, पंतप्रधानाचं नाव सांगितलं आणि त्याच्याबद्दल एक वाईट शब्दही. पलंग दुसऱ्या कुणाला गेला. कुणाला, ते ड्रूनं विचारलं नाही. मोनानं माफी मागितली. तेव्हापासून सकाळी उशी ठीक करताना ती हसत विचारायला लागली, "ड्रूमावशी, आज कोण कोण आलंय?" ड्रू सांगायची, दोघं आहेत, कपाटापाशी. मोना कपाटाला रामराम करायची. त्यावर ब्यूला म्हणाली, एक शहाणी दिसतंय ते सांगते, दुसरी न दिसणाऱ्यांशी बोलते, मागं नक्की कुणाला पाठवायचं ते या होमला कधी कळणार?

ड्रूला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तिनं वाट बघितली, ते काही आलं नाही. खिळा होता तिथंच होता, फक्त त्याला आता काही टांगलेलं नव्हतं. सोंगं पूर्वीसारखी येत होती. तिला ठाऊक होतं ती कोण आहेत: कुणी नाहीत. हे आधीही ठाऊक होतं, पण आधी निदान त्यांच्यापासून काहीतरी लपवायचं असायचं.

ग्लेन्डा निघाली त्या सकाळी धुकं होतं. फेरीबोटीचा भोंगा एकदा वाजून गेला होता. तिनं आईचे केस विंचरले, चष्म्याला तिच्या नावाची दोरी बांधली, आणि दोघींनीही तो बिनकामाचा आहे हे बोलून दाखवलं नाही. उन्हाळ्यात येते म्हणाली. गालाला गाल लावला. मग पावलं दारापर्यंत गेली, आणि त्यानंतर काही ऐकू आलं नाही.

ड्रूनं दाराकडं बघायचं म्हणून चौकटीच्या कडेकडं बघितलं. दारात कुणीतरी उभं होतं. अंगात लांब कोट, चेहऱ्याच्या जागी काही नाही. विल्फ काचेशी उभा राहायचा तसं उभं. बोळातला उजेड त्याच्या दोन्ही बाजूंनी आत येत होता.

तिनं डोळे झपाझप फिरवले. इकडून तिकडं. पुन्हा एकदा.

ते जागेवरच राहिलं.

"ग्लेन्डा," ती म्हणाली, सोंगाचं नाव घ्यायच्या आवाजात. "जा आता. बोट सुटेल."